उन्हाळ्याच्या सहलीचा बेत

मुलांच्या परीक्षा आटोपल्या, आमराईंत पाड लागला, कीं घरोघर एकच प्रश्न निघतो : यंदा कोठें जावयाचें? पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. मुलांस मामाचें गांव, वडील माणसांस एखाद्या क्षेत्राची यात्रा, आणि घरच्या बायकांस दोन्हीकडील पाहुण्यांची सरबराई. आतां दारीं मोटार आली आहे, मुलेंसुना परदेशीं नांदूं लागल्या आहेत, आणि उत्तरेंहि पुष्कळ झालीं आहेत. कोणी कुटुंबासह मोटारीनें ग्रीस देश पाहून येतो. अथेन्सची टेंकडी, डेल्फीचें देवस्थान, मेटेऑराच्या सुळक्यांवरील मठ आणि वाटेवरचे ऑलिव्हचे मळे यांचीं छायाचित्रें घरीं येतात; तीं पाहतांना लहानथोरांच्या मनांत येतें कीं आपणहि असें कांहीं करावें. ही इच्छा चांगलीच आहे. परंतु त्याला लागणारें द्रव्य सर्वांपाशीं नसतें. आणि द्रव्य असलें तरी सत्तरी उलटलेल्या आजीचे गुडघे व तीन वर्षांच्या नातवाची झोंप यांचें विमानाच्या वेळापत्रकाशीं सहसा जुळत नाहीं. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें एक घरगुती बेत मांडतों. त्यांत जुनें शहर आहे, रान आहे, किल्ला आहे, दोन हजार वर्षांपूर्वींचे अवशेष आहेत आणि एक मोठी नदीहि आहे. हा मुलूख म्हणजे वैनगंगेच्या कांठचा भंडारा जिल्हा व त्याचा शेजार.

स्थळें सांगण्यापूर्वीं बेत कसा आखावा याविषयीं थोडें बोललें पाहिजे. आपल्याकडील रीत अशी आहे कीं, रात्रीं जेवणें झाल्यावर कर्ते पुरुष मोबाईलवर नकाशा काढून बसतात. किती किलोमीटर, किती तास, किती पेट्रोल याचा हिशेब होतो, आणि 'सकाळीं पांचला निघावयाचें' असा हुकूम सुटतो. पांचला निघावयाचें म्हणजे सूनबाईंनीं कितीला उठावयाचें, हें त्या नकाशांत कोठेंच लिहिलेलें नसतें. अकरा माणसांच्या दशम्या, मुलांचें दूध, मामंजींच्या गोळ्या, देवाची पूजा, मागें राहणाऱ्या मोलकरणीस सूचना, हें सारें आटोपून ती मोटारींत बसते तेव्हां इतरांची सहल सुरू होत असते आणि तिची बहुधा संपलेली असते. पुढें उतरल्यावर चटई कोणी अंथरावयाची, मुलांचे हात कोणी धुवावयाचे, उष्टीं भांडीं कोणी आवरावयाचीं, हेंहि न सांगतां ठरलेलें असतें. अशा सहलींतून घर चार दिवस बाहेर जातें खरें. पण स्वयंपाकघरहि बरोबरच जातें.

म्हणून आमचें पहिलें म्हणणें असें कीं, सहलीचा बेत किलोमीटरांनीं आखूं नये, माणसांनीं आखावा. घरांतील सर्वांत वृद्ध, सर्वांत लहान आणि सर्वांत अधिक राबणारें, अशीं तीन माणसें डोळ्यांपुढें धरावीं. त्या तिघांस जो बेत झेंपेल तो बाकीच्यांस आपोआप झेंपतो. उलट धडधाकट तरुणांच्या सोयीनें आखलेला बेत या तिघांच्या जिवावर उठतो. आणि 'जिवावर उठतो' हें आम्ही केवळ बोलण्याच्या भरांत लिहीत नाहीं. विदर्भांतील मे महिन्याचें ऊन ४५ अंश सेल्सिअसच्या घरांत जातें. या उन्हांत केलेली चूक हौसेनें भरून निघत नाहीं.

तेव्हां बेताचा खरा सूत्रधार सूर्य, हें प्रथम मान्य करावें. शक्य असेल तर सहल एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यांतच उरकावी. मे महिन्याखेरीज सुट्टीच नसेल, तर दिवसाचे तीन भाग करावे : सकाळीं साडेपांच ते दहा फिरणें, दहा ते पांच पक्क्या छपराखालीं किंवा दाट सांवलींत विश्रांति, आणि पांचनंतर काळोख पडेपर्यंत पुन्हा थोडें फिरणें. दुपार अशी फुकट घालविणें पुष्कळांस आळशीपणाचें वाटतें. पण ज्या ग्रीसचें आपणांस कौतुक तेथील लोकहि उन्हाळ्यांत दुपारच्या विश्रांतीचे तास पाळतात. आणि जुलै २०२३ मध्यें उष्णतेची लाट आली तेव्हां अथेन्सच्या टेंकडीवरील ती जगप्रसिद्ध देवळेंहि सरकारनें भर दुपारीं प्रेक्षकांस बंद ठेविलीं होतीं. सूर्यापुढें मान लवविण्यांत कमीपणा नाहीं.

आतां स्थळांकडे वळूं. भंडारा शहर मध्यभागीं धरावें. नागपुराहून तें हमरस्त्यानें सुमारें ६० किलोमीटर आहे. रेल्वेनें येणाऱ्या आप्तांनीं मात्र ध्यानांत ठेवावें कीं 'भंडारा रोड' हें स्थानक शहरांत नसून वरठी येथें आहे. शहर पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध. स्टीलच्या भांड्यांपुढें हा धंदा मागें पडला असला तरी आपल्या माजघरांतील जुने हंडे-घागरी कोणत्या प्रकारच्या हातांनीं घडल्या, हें मुलांस येथें सांगतां येतें.

पहिला दिवस जवळच्या स्थळाचा ठेवावा, म्हणजे वृद्धांची परीक्षा थोडक्यांत होते. त्यासाठीं अंभोरा योग्य आहे. हें गांव नागपूर जिल्ह्याच्या कुही तालुक्यांत, पण भंडाऱ्याच्या अगदीं हद्दीवर. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पांच नद्यांचा येथें संगम मानतात, आणि वर चैतन्येश्वराचें देवालय आहे. पूर्वीं भंडाऱ्याच्या बाजूनें येणारास नदी आडवी येई. २०२४ मध्यें तारांनीं तोललेला मोठा पूल खुला झाला, आणि दोन्ही जिल्हे जोडले गेले. मराठी घरांस या जागेचें अगत्य निराळेंच आहे. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. ज्ञानेश्वरीच्या आधीं सुमारें शंभर वर्षें. तो येथेंच रचला गेला अशी या भागाची श्रद्धा आहे. पंडितांत याविषयीं वाद आहे. कांहीं मराठवाड्यांतील अंबेजोगाईचा पक्ष घेतात. तो वाद सहलीला आलेल्या मंडळींनीं मिटविण्याचें कारण नाहीं. संध्याकाळीं देवळाच्या पायरीवर बसून आजोबांनीं दोन्ही पक्ष नातवंडांस समजावून सांगावे. आपली भाषा किती जुनी आहे हें त्यांस पाठ्यपुस्तकापेक्षां तेथें अधिक पटेल.

दुसरा दिवस दक्षिणेस पवनीचा. भंडाऱ्यापासून अंतर ५० किलोमीटरांच्या आंतबाहेर. घाट आणि देवळें यांच्या दाटीमुळें पवनीस विदर्भाची काशी म्हणतात. परंतु तिचें खरें वय देवळांहून फार मोठें आहे. जुन्या गांवाभोंवतीं मातीचा तट आणि खंदक आहे, आणि जवळच जगन्नाथ टेंकडी म्हणून एक स्थळ आहे. तेथें १९६९-७० मध्यें नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खातें यांनीं डॉ. शां. भा. देव व जगत्पति जोशी यांच्या देखरेखीखालीं उत्खनन केलें, तेव्हां मोठ्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उघडकीस आले. कठड्यांच्या दगडांवर ब्राह्मी लेख आणि मुचलिंद नागाचें शिल्प मिळालें. हा स्तूप इसवी सनापूर्वींच्या शतकांतला. अथेन्सचें पार्थेनॉन इ. स. पू. ४३२ च्या सुमारास पुरें झालें. त्यानंतर कांहीं शतकांच्याच अंतरानें वैनगंगेच्या तीरीं विटा रचल्या जात होत्या. आज तेथें भव्य इमारत दिसणार नाहीं, हें मुलांस आधींच सांगून ठेवावें, म्हणजे हिरमोड होणार नाहीं. दगड थोडे असले म्हणजे गोष्ट चांगली सांगावी लागते, आणि ती तयारी घरूनच करावी.

पवनीपासून जवळच गोसीखुर्दचें धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजीं तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें झाली. जलाशय पाहून मन प्रसन्न होतें. परंतु मुलांस हेंहि सांगावें कीं या पाण्याखालीं गांवें होतीं, घरें होतीं, पिढ्यान्पिढ्यांचीं शेतें होतीं, आणि तेथील माणसांस उठून दुसरीकडे जावें लागलें. पाण्याचा हा फुगवटा पार अंभोऱ्यापर्यंत पोंचतो. एक ताकीद मात्र निक्षून देतों : धरणाच्या जलाशयांत किंवा संगमावर कोणासहि पोहण्यास उतरूं देऊं नये, पट्टीच्या पोहणारासहि नाहीं. तळ दिसत नाहीं, खोलीचा अंदाज येत नाहीं, आणि हाकेच्या अंतरावर मदत नसते.

तिसरा दिवस उत्तरेचा : वरठी, मोहाडी, तुमसर. मोहाडीस चौंडेश्वरीचें देवालय आहे. त्याच तालुक्यांत आंधळगांव आहे, जेथें कोशाचें कापड विणतात. कोसा म्हणजे टसर. ऐन आणि अर्जुन या झाडांवर किड्यांचें पालन होतें, आणि तें काम या भागांत पूर्वापार ढीवर समाजाकडे आहे. आपल्या घरांत पूजेच्या वेळीं रेशीम नेसण्याची चाल. तें कोणत्या झाडावर, कोणाच्या श्रमानें तयार होतें हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे. तुमसर ही तांदळाची मोठी बाजारपेठ, आणि तिच्या पलीकडे चिखला व डोंगरी बुजुर्ग येथें मँगनीजच्या खाणी. पोलाद तयार करण्यास मँगनीज लागतें, आणि डोंगरीच्या धातुकांतून हातबत्तीच्या सेलांत लागणारा मालहि मिळतो. हें कळलें म्हणजे घरच्या बत्तीकडे मुलें निराळ्या दृष्टीनें पाहतात.

तुमसरजवळच अंबागड आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानींत, सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाखान पठाणानें तो बांधला. पुढें नागपूरकर भोंसल्यांनीं त्याचा बंदीखान्यासारखा उपयोग केला. येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. सर्वांनीं सर्व पाहिलेंच पाहिजे हा हट्ट सहलींत धरूं नये. तरुणांनीं पहांटे गड चढावा आणि ऊन तापण्यापूर्वीं खालीं यावें. वडील माणसांनीं व लहान मुलांनीं तोंवर गायमुखाच्या झऱ्यापाशीं, शंकराच्या देवळाजवळ बसावें. दुपारचा मुक्काम चांदपूरच्या तलावाकडे, हनुमानाच्या देवळाच्या बाजूस करावा. दोन तुकड्या झाल्या म्हणजे सहल बिघडली असें नव्हे. संध्याकाळीं एकमेकांस सांगण्यासारखें कांहीं राहतें.

चौथा दिवस पूर्वेकडील तळ्यांचा, आणि आमच्या मतें तो या बेताचा मुकुटमणि. लाखनी, साकोली करीत नवेगांवबांधास जावें. हा भाग आतां गोंदिया जिल्ह्यांत मोडतो. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्याचें विभाजन होण्यापूर्वीं तो याच जिल्ह्याचा होता. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें डोंगरांच्या मधल्या वाटा बांधून काढून हें विस्तीर्ण तळें केलें. भोंवतालच्या टेंकड्यांस लोक सातबहिणी म्हणतात, आणि बांधणाऱ्यास कोलासुर नांवानें पुजतात. अरण्याविषयीं मराठींत ज्यांनीं विपुल लिहिलें ते मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून येथेंच राहिले होते. जून २०२५ मध्यें ते निवर्तले. त्यांचें एखादें पुस्तक बरोबर घ्यावें आणि तळ्याच्या कांठीं मोठ्यानें वाचावें. जवळचें नागझिरा आणि हें नवेगांव मिळून २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प झाला आहे. उन्हाळ्यांत जनावरें पाणवठ्यावर येतात म्हणून दर्शनाचा संभव अधिक. तथापि प्रवेशाची व मुक्कामाची नोंदणी आधींच करावी, आणि वाघ दिसेलच असें वचन मुलांस देऊं नये. मोहाचीं फुलें पहांटे टपटपतात तो वास, तेंदूचीं पिकलीं फळें, चारोळीचीं झाडें, दूरवर उभी असलेली सारसांची जोडी, यांतलें जें दिसेल त्याचा आनंद घ्यावा. महाराष्ट्रांत सारस उरला आहे तो बहुतेक याच भागांत.

या तळ्यांविषयीं आणखी दोन शब्द. भातशेतीच्या या मुलखांत कोहळी समाजानें गोंड राजांच्या आश्रयानें हजारों तळीं बांधलीं. पाऊस चार महिन्यांचा, आणि भाताची तहान मोठी. उतारावरचें पाणी बांध घालून अडवावें आणि खालच्या बांध्यांस पाळीपाळीनें सोडावें, अशी ही योजना. उपासाला आपण जे शिंगाडे खातों तेहि अशाच तळ्यांत पिकतात. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तळीं सरकारजमा झालीं, आणि 'माजी मालगुजारी' या शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन लोक त्यांस 'मामा तलाव' म्हणूं लागले. तळें गांवाचें होतें तोंवर गाळ काढणें हें गांवाचें काम होतें. तें सरकारचें झाल्यावर पुष्कळ ठिकाणीं गाळ सांचत गेला. सुट्टींत मामाच्या गांवीं जाणाऱ्या मुलांस हे मामाहि भेटवावे. घरांतील मोठ्या माणसांनीं बांधून ठेवलेलें सांभाळलें नाहीं तर काय होतें, याचा याहून सोपा धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां पुन्हा स्वयंपाकघराकडे. सहलीच्या आदल्या दिवशीं घरोघर असा संवाद व्हावा :

'आई, दुपारीं मामंजींना गरम वरणभात लागतो. स्टोव्ह घेऊं का बरोबर?'

'कांहीं नको घेऊंस. दुधांत भिजविलेल्या दशम्या आहेत, मेतकूट आहे, दहीं वाटेंत मिळेल. चार दिवस वरणभात नसला तर त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. आणि भाऊजींना सांग, पाण्याचे कॅन भरणें आणि चटया उचलणें त्यांच्याकडे.'

'ते हंसतील, आई.'

'हंसूं दे. हंसत हंसत उचलतील.'

हा निर्णय सासूबाईंनींच करावा, कारण तो सुनेनें केला तर उद्धटपणा ठरतो आणि मुलानें केला तर बायकोचें ऐकणें ठरतें. दशमी दुधांत भिजवलेली असल्यानें सोवळें पाळणाऱ्या आजीसहि वाटेंत चालते. तिच्या जोडीला गूळपापडीच्या वड्या, लाडू, भाजलेले पोहे, सातूचें पीठ, पन्ह्याचा गर, एवढी शिदोरी पुरे. ती दोन दिवस आधीं, सर्वांनीं मिळून करावी. एक जेवण प्रत्येक दिवशीं बाहेर घ्यावें. मुलांपैकीं एकानें हिशेब ठेवावा, दुसऱ्यानें औषधांची पेटी सांभाळावी, तिसऱ्यानें प्रत्येक थांब्यावर माणसें मोजावीं.

भाड्याची मोटार असेल तर चालकाची आठवण ठेवावी. त्याचें पान आपल्याबरोबर, आपल्याच पंगतींत मांडावें; दुपारची झोंप त्यालाहि द्यावी, आणि रात्रीं हमरस्त्यावर मोटार हाकण्यास सांगूं नये. तो मार्ग मुंबई-कलकत्त्याच्या मालमोटारींचा आहे. ज्याच्या हातीं अकरा जीव, त्याचे डोळे जड होऊं देणें हा कसला काटकसरीपणा?

प्रकृतीविषयीं थोडक्यांत. तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी पीत राहावें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हें मिश्रण जुलाब झालेल्यास उपयोगी पडतें. चमचा चहाचा घ्यावा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीं निघण्यापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बंद मोटारींत मूल अथवा वृद्ध माणूस पांच मिनिटेंहि ठेवूं नये. उन्हांतील मोटार दहा मिनिटांत सुमारें दहा अंशांनीं तापते. एखाद्याचें अंग भाजल्यासारखें तापलें आणि तो असंबद्ध बोलूं लागला, तर तें ऊन बाधल्याचें लक्षण समजावें; त्यास सांवलींत निजवून अंगावर गार पाणी घालावें, वारा घालावा, आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये. खिशांत कांदा ठेवण्यास आमची हरकत नाहीं. फक्त त्याच्या भरंवशावर डोक्याचा शेला घरीं विसरूं नये.

परत आल्यावर बेत साधला कीं नाहीं, याची एक परीक्षा सांगतों. किती स्थळें झालीं हें मोजूं नये. रात्रीं सर्व मंडळी बसलीं म्हणजे सूनबाईंस विचारावें, 'तुम्हीं काय पाहिलें?' त्यांनीं तळें, सारस, घाटावरची संध्याकाळ असें कांहीं सांगितलें, तर सहल झाली. 'मी कुठें कांहीं पाहिलें, मी सामानापाशींच होतें,' असें उत्तर आलें, तर पुढील वर्षाचा बेत त्यांच्याच हातून आखून घ्यावा.